गाणी वाचणारे वझरकर सर

वझरकर सर गाणी वाचायचे. ऐकायचे कधीच नाहीत. दोन हजार चारच्या सुमारास न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात ते मलय भाषेतल्या गाण्यांमधली विचारसरणी शोधत होते आणि मी त्यांचा विद्यार्थी होतो. पहिल्याच भेटीत माझ्या गळ्यातला हेडफोन पाहून म्हणाले, "ते आत ठेव. चाल कानात गेली की माणूस फितूर होतो. शब्द तेवढे प्रामाणिक."

प्रत्येक ओळीत त्यांना सत्ता सापडे. नारळाचं झाड आलं की सरकार, होडी आली की राष्ट्र. प्रेमगीतातली मुलगी 'थांब' म्हणाली, तरी ते समासात पेन्सिलीने लिहीत, 'आज्ञापालन'. एकदा जवळच्या एडिसन गावात इडली-वडा खाताना मी म्हटलं, "सर, आमच्याकडे गाणं आधी ऐकतात."

"म्हणूनच तुमच्या घराण्यात भाषाशास्त्रज्ञ झाला नाही."

"होतोय की. तुमच्यासमोर बसलाय."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि ते सांगायला मी कधी लाजलो नाही. सरांनी माझ्या ताटातला वडा उचलला.

त्या वर्षी सरांची नोकरी कायम होणार की जाणार, हे एका व्याख्यानावर येऊन ठेपलं होतं. त्यांनी निवडलं एक स्तुतिगीत. तिकडे मलय मुलखात गावचा जो काही पाटील असतो, त्याचं. 'पाटील शहाणा, पाटील दयाळू.' ही जनता पिढ्यान् पिढ्या वाकत आली आहे, हे सरांनी तासभर सिद्ध केलं. नोकरीचा निर्णय करणाऱ्या समितीचे लोक माना डोलवत होते. तेवढ्यात मागून क्वालालंपूरची एक विद्यार्थिनी उठली. "हे गाणं लावून दाखवू का?" म्हणाली आणि तिने लॅपटॉप सुरू केला. गायक 'पाटील शहाणा' म्हणे, आणि मागचे सगळे बकऱ्यांसारखे 'बें बें' ओरडत. सरांच्या कागदावर बकऱ्या नव्हत्या. हसून हसून हॉल वाकला. विभागप्रमुख बाई डोळे पुसत होत्या.

सर शांतपणे म्हणाले, "हा डेटा नाही. हा आवाज आहे."

नोकरी गेली. टेक्सासमधल्या प्लेनोला मेहुण्याच्या कंपनीत काहीतरी काम मिळालं. निघायच्या दिवशी मी सामान चढवायला गेलो, तर म्हणाले, "त्या समितीची विचारसरणी एकदा तपासायला हवी."

वझरकर काकू ड्राइव्ह करणार होत्या. स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "अहो, टेक्सासपर्यंत जायचंय. आता तरी गाणी लावू?"

सरांनी पट्टा लावला.

"लाव. पण आधी शब्द छापून दे."

काकूंनी काच खाली केली, मला म्हणाल्या, "येते रे," आणि गाण्याचा आवाज पार वरपर्यंत नेऊन गाडी काढली.