गाऊनवरचा टॉवेल

आमच्या आळीत सकाळी मासेवालीची हाक आली की दारादारांतून गाऊन बाहेर पडतात. आत बायका असतात हे जरा वेळाने लक्षात येतं. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, धुऊन धुऊन मूळ रंग विसरलेले गाऊन, आणि प्रत्येकाच्या खांद्यांवरून पुढे ओढलेला एक टॉवेल. टॉवेल घेतला की बाई पूर्ण कपड्यांत. तोच दोरीवर राहिला की तीच बाई त्याच गाऊनमध्ये उघडी. आमच्या समोरची एक जण, घर पेटलं तरी आधी टॉवेल शोधील आणि मग बंबाला फोन करील, तोही टॉवेल नीट करून.

यांतले निम्मे गाऊन वैनींनी शिवलेले. वैनी माझ्या कुणी लागत नाहीत. त्यांच्या दुकानाची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच, एवढंच नातं. आणि सगळी आळी त्यांना वैनी म्हणते म्हणून मीही म्हणते. त्यांची मशीन चालली की माझ्या फळीवरचे डबे थरथरतात. कढीला फोडणी कधी द्यायची ते मी त्या आवाजावरून ठरवते.

वैनींची ख्याती मायेबद्दल. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की उसवायचं, सैल करायचं. बाकीचे शिंपी बोटभर ठेवतात, वैनी हातभर. त्यांच्या हातचा ब्लाउज मुलगी कॉलेजात असताना शिवते आणि आजी होईपर्यंत उसवत जाते. एका बाईने तर आतली माया काढून नातवाचं दप्तर शिवलं, असं सगळीकडे ऐकू येतं. सगळीकडे ते मीच सांगितलंय, ती गोष्ट वेगळी.

पण अलीकडे गाऊन फोनवरून घरपोच यायला लागले आणि माझे डबे थरथरायचे थांबले. वैनींचा मुलगा डोंबिवलीला. सून नोकरी करते, बाळ पाळण्यात. तो म्हणायचा, मशीन विकून टाक आणि ये. वैनींनी त्याच्याकडून एक उन्हाळा मागून घेतला. तेवढ्यात दुकान उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पावसाच्या आधी कुलूप.

"डोंबिवलीत काय वाईट आहे, वैनी?" मी एकदा विचारलं.

"वाईट काय नाय गो. तिथे मला सगळी आजी म्हणतील." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "इथे टेलर म्हणतात."

अशा त्या उन्हाळ्यात फ्रान्सची बाई आली.

वैनींचं माहेर पूर्णगडचं. त्यांची भावजय तिथे पाहुण्यांना खोल्या देते. ही पाहुणी किल्ल्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत शिरली आणि ड्रेस कुशीत फाटला, म्हणून भावजयीने तिला रिक्षात घालून नणंदेकडे पाठवलं. बाई इतकी उंच की दुकानाच्या दारातून दोन हप्त्यांत आत आली. हातात फाटका ड्रेस, शेवाळी रंगाचा. भाषांतराला मला हाक मारली, कारण मी ऑफिसात काम करते आणि ऑफिसात काम करणाऱ्या बाईला सगळ्या भाषा येतात असं आळीत मानतात.

आमच्याकडे कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. सुलट बाजू मग सवडीने. वैनींनी ड्रेस उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"शिवण कुठाय गो हिची?"

मीही पाहिलं. आत एक धागा लोंबत नव्हता, कापडाची कड कुठे दिसत नव्हती. उलट बाजू सुलटीसारखी. वैनींनी चष्मा वर ढकलला, ड्रेस खिडकीशी नेला, नखाने शिवण चाचपली, आणि थोड्या वेळाने त्यांना ते उमगलं. आधी सुलट बाजूने शिवायचं, कडा बारीक कापून टाकायच्या, मग उलटवून पुन्हा शिवायचं. कापडाची कड त्या दुसऱ्या शिवणीच्या पोटात जाऊन बसते.

"देखणी आहे," वैनी म्हणाल्या. "पण माया? कापूनच टाकली की. विचार तिला, अंग सुटलं तर काय करते?"

मी ऑफिसातलं इंग्रजी बाहेर काढलं. ते पत्रव्यवहाराचं असल्यामुळे पाहुणीला काही कळेना. मग तिनेच फोन पुढे केला. मी मराठीत बोलायचं, फोन फ्रेंचमध्ये सांगणार, तिचं उत्तर मराठीत ऐकवणार. थोडा वेळ फोन विचारात पडला आणि म्हणाला, "मी जाड होत नाही."

वैनींनी फोनकडे असं पाहिलं, जणू त्यालाच बाळंतपण माहीत नाही.

मग पाहुणीची पाळी. तिने माझ्या गाऊनकडे बोट केलं, मग टॉवेलकडे. फोन म्हणाला, "हा पोशाख मानेपासून घोट्यापर्यंत आहे. मग कापडाने काय झाकलं आहे?"

मी वैनींकडे पाहिलं, वैनींनी माझ्याकडे. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, आमच्या आम्हीसुद्धा नाही.

"सांग, घाम पुसायला," वैनी कुजबुजल्या.

मी सांगितलं. पाहुणीने माझ्या टॉवेलकडे पाहिलं. तो इस्त्रीचा होता.

मग आम्हीही तिला सोडली नाही. तुमच्याकडे कामावर काय घालतात, उन्हाळ्यात काय, घरात लोळताना काय, सगळं विचारलं. तिने फोनमधले फोटो काढले. कामाला शर्टासारखा लांब ड्रेस, कमरेला पट्टा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अशा की जणू कुणी घाईत दुमडल्यात, पण दोन्ही बाह्या अगदी एका उंचीला. उन्हाळ्यात एक पुढून उघडा झगा, एक पदर दुसऱ्यावर घेऊन कुशीला नाडीने बांधायचा. आणि घरात ढगळ विजार आणि आडव्या पट्ट्यांचा सदरा, तिकडच्या कोळ्यांचा म्हणे. त्याच सदऱ्यात ती सकाळी कोपऱ्यावर पाव आणायला जाते. वर टॉवेल नाही, काही नाही.

"कोळ्यांचा सदरा बायका घालतात?" वैनींनी फोटो मोठा करून पाहिला. "माझ्या बापाने जन्मभर होडीवर भोकांचं बनियन घातलं. त्याची फॅशन कोण करील?"

पाहुणी चार दिवसांनी ड्रेस न्यायला आली. तोवर वैनींनी तो रफू केलाच, शिवाय वर्तमानपत्र पसरून त्याच्या मापाचे सगळे कागद कापून ठेवले. फोटो बघून झग्याचे आणि शर्ट-ड्रेसचेही कापले. पाहुणीने जाताना वैनींच्या हातचा एक गाऊन घेतला, आणि बोट दाखवून एक टॉवेलही. प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, निदान पुरावा तरी नेऊ, असा तिचा विचार असावा.

त्या दिवसापासून माझे डबे पुन्हा नाचायला लागले. वैनींनी ठरवलं, मारुती मंदिराजवळच्या हॉलमध्ये बायकांचं उन्हाळी प्रदर्शन भरतं, तिथे टेबल घ्यायचं आणि फ्रान्स मांडायचा. सुती कापडं आणली, फिक्या समुद्राच्या रंगाची. माप बघायला पुतळा नव्हता, म्हणून मी. टाचण्या टोचून टोचून माझी चाळण झाली. पाणी प्यायले की सगळीकडून गळेल अशी भीती वाटायची.

"वैनी, माया ठेवा ओ थोडी."

"गप उभी राहा. फ्रान्समध्ये ठेवत नाहीत. करायचं तर तसंच करायचं."

शर्ट-ड्रेस घालून मी ऑफिसला गेले. जाताना भाट्याच्या पुलावरची वाहतूक थांबली. पुढे गुरं बसली होती, पण मी श्रेय सोडलं नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे भाऊ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काय ओ मॅडम, बदली पाँडिचेरीला झाली काय?" दुपारपर्यंत सगळ्या बायकांनी येऊन कॉलर उलटी करून आतली शिवण पाहिली होती. मला मात्र खिशांचं वेड लागलं. खरे, खोल खिसे. चाव्या, फोन, शिक्क्याची पेटी, डब्यातली घावनाची घडी, सगळं आत. संध्याकाळी घरी आले तेव्हा ऑफिसात फक्त भिंती उरल्या होत्या.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये आंबापोळीचा, कोकमाचा आणि बायकांच्या घामाचा वास. आमच्या एका बाजूला फणसपोळी, दुसऱ्या बाजूला सांडगे, मधे फ्रान्स. वैनींनी कपडे हँगरला लावले, सकाळीच इस्त्री केलेले. बायका आल्या. नुसत्या आल्या नाहीत, लोटल्या. पहिलीने शर्ट-ड्रेस हँगरवरून काढला आणि उलटा केला. दुसरीने उलटा केला. थोड्या वेळात आमचं सगळं टेबल उलटं झालं.

"अगो, शिवण बघ. मशीनने केली की देवाने?"

"वैनी, हात सोन्याचा तुमचा."

"आणि माया?"

"माया नाय ह्यात," वैनी म्हणाल्या.

कपडा जागेवर गेला. प्रत्येक वेळी तेच. कौतुक, मग चाचपणं, मग माया, मग हँगर. एक निवृत्त बाई शर्ट-ड्रेस गालाला लावून उभ्या होत्या, मला वाटलं घेतल्याशिवाय जात नाहीत. "सुनेला घेतला असता ओ," त्या म्हणाल्या, "पण बाळंतीण होऊन आली की हा तिच्या अंगाला कसा होईल?" आणि त्या सांडग्यांकडे वळल्या.

जेवणाच्या वेळेपर्यंत फणसपोळी संपली, सांडगे संपत आले. फ्रान्स होता तसाच. वैनींचा फोन वाजला. मुलाचा. त्यांनी तो उचलला नाही, पिशवी उघडली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

"थांबा ना, दुपारी येतात बायका," मी म्हटलं.

"दुपारी काय निराळ्या येणार? माझ्याच बायका. मीच ह्यांना माया बघायला शिकवली." त्यांनी घडीवर हात फिरवला. "आणि मीच कापली."

मी हँगर गोळा करायला लागले.

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन टेबलाशी थांबल्या. लेक गरोदर, सातवा तरी असेल, पंख्याच्या दिशेने मान करून उभी. आईने तो बांधायचा झगा उचलला. सकाळपासून त्याला कुणी हातच लावला नव्हता, कारण तो घालायचा कसा हेच कुणाला कळलं नव्हतं.

"हा पुढून उघडाच? बटणं लावायची राहिली काय?"

"बांधायचा असतो," मी म्हटलं.

आईने नाडी ओढून पाहिली, एक पदर दुसऱ्यावर टाकून पाहिला, आणि हसायलाच लागली. "अगो, हे झबलं. मोठ्या बाळाचं झबलं."

वैनींचा घडी घालणारा हात थांबला. आमच्या आळीतल्या एकूण एका बाळाला पहिलं झबलं वैनींचं. पुढून उघडं, एकावर एक, कुशीला बांधायचे बंद. बाळ महिन्यागणिक वाढतं म्हणून तसंच शिवायचं.

"होय, झबलंच," त्या म्हणाल्या. "आण लेकीला इकडे."

त्यांनी लेकीच्या पंजाबी ड्रेसवरूनच झगा चढवला. एक पदर आतून, एक वरून, नाडी मागून फिरवून कुशीला गाठ. "पोट वाढलं की गाठ पुढे घे. बाळ झालं की मागे ने. पाजायला बसलीस तर एक पदर सोड, झालं."

"माया?" आईने विचारलं, आणि उलटा करायला हात पुढे केला.

"उसवायला नको. सगळी बाहेरच आहे." वैनींनी वरचा पदर उचलून आतला दाखवला. वितीपेक्षा जास्त.

आईने तो पदर लेकीच्या छातीवर बसवला, तिला मासेवालीकडे जाणारी बाई बघावी तशी बघितली, आणि हात सवयीने स्वतःच्या खांद्यावर गेला, तिथे नसलेला टॉवेल काढून लेकीवर घालायला. मग ती थांबली. "दुपदरी आहे की पुढून," ती हळूच म्हणाली. "ह्याच्यावर काय घ्यायला नको."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणीचा प्रश्न आम्हा दोघींच्या मधे येऊन उभा राहिला होता, आणि त्याला आता उत्तर होतं.

लेकीने झगा अंगावरून काढलाच नाही. ती हॉलभर फिरली, आणि तिच्यामागून बायका आमच्या टेबलाशी यायला लागल्या. माप द्यायची रांग पार जयस्तंभाच्या चौकापर्यंत गेली. बरं, हॉलच्या पायऱ्यांपर्यंत. मी टेप धरून उभी, वैनी सांगतायत, "माप कशाला, उंची तेवढी सांगा." शर्ट-ड्रेसच्याही ऑर्डरी आल्या, पण त्यांवर वैनींनी तोड काढली. फ्रान्सची शिवण खांद्यावर, कारण खांदा कुणाचा सुटत नाही. कुशीत आपली जुनी, हातभर माया ठेवून.

संध्याकाळी टेबल आवरताना त्यांनी मुलाला फोन लावला.

"पावसाच्या आधी येते. होय, येते म्हटलं ना. चार दिवस. बाळाला झबली आणते, तुझ्या बायकोला मोठं झबलं आणते." पलीकडून बराच वेळ काहीतरी येत होतं. "मशीन? मशीन कशाला विकू? मग ही झबली काय तू शिवणार?"

आता आमच्या आळीत सकाळी झगे बाहेर पडतात, निळे, शेवाळी, फिके. परवा मीही माझा बांधला, गाठ नीट बसवली आणि पहिल्यांदाच टॉवेल न घेता बांगड्यांचा वाटा बघायला ओट्यावर गेले. मासेवालीने टोपलीवरून मान वर केली आणि माझ्याकडे काळजीने पाहिलं.

"बरं नाय काय, ताई? टॉवेल नाय तो."

मी आत वळले. पलीकडे मशीन चालू होती, फळीवरचे डबे थरथरत होते. दोरीवरचा टॉवेल ओढला, खांद्यावर टाकला आणि पुन्हा बाहेर आले. ओट्याओट्यावर सगळ्या जणी दुपदरी झग्यांत उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर टॉवेल होता.