बाबांसाठी घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर

बाबांना आधी आईचा आवाज ऐकू येईनासा झाला, मग माझा. भावाचा जाडाभरडा आवाज तेवढा बरेच दिवस पोचायचा. कानात घालायचं मशीन आणलं, पण त्यात नुसती भांडी आपटल्यासारखी वाटतात म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. घरात कोणी हसलं की ते आपल्यालाच हसले असं त्यांना वाटायचं. जेवायलाही मग ते उशिरा, एकटेच बसू लागले.

बाबा आयुष्यभर भजन मंडळात पेटी वाजवत आणि गात आले. तिगावच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग माझ्या धाकट्या भावाने पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. लोधीखेड्याहून एक लग्न आटोपून आम्ही सौंसरला परत येत होतो. गाडीच्या काचा बंद होत्या. भावाने ते रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं, आणि बाबांची बोटं मांडीवर हलायला लागली.

"हे मीच वाजवून राहिलो न?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनीही जोरजोरात माना हलवल्या.

त्या आनंदात भावाने चारही दारांत नवे स्पीकर बसवले आणि सीटखाली एक अ‍ॅम्प्लिफायर. खोक्यावर भला मोठा वॉटचा आकडा छापला होता, तो बघूनच त्याने तो घेतला. बाबांना ऐकवायला आम्ही बोरगावच्या रस्त्याने निघालो. भावाने आवाज पूर्ण वाढवला. कापड फाटावं तसा आवाज फाटत होता, पण बाबा खुश होते. थोड्याच वेळात सगळं एकदम शांत झालं.

बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "झालं," ते म्हणाले. "गेलं. आता पुरंच गेलं."

"बाबा, अ‍ॅम्प बंद पडला!" भाऊ ओरडला. बाबा समोर बघत होते. त्याने गाडी कडेला घेतली, सीटखालचा तापलेला डबा बाहेर ओढून दाखवला, तेव्हा कुठे त्यांना समजलं. तोपर्यंत त्यांची दाढी डोळ्यांतल्या पाण्याने ओली झाली होती. मी माझ्या बापाला तसं पहिल्यांदाच बघत होते.

मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी आणि तो डबा घेऊन मी तिथल्या कार डेकोरच्या दुकानात गेले. दुकानदाराने गाडीतली वायरिंग बघितली.

"मॅडम, भावानं एकेका चॅनलवर दोन-दोन स्पीकर जोडले. त्यानं ओम, म्हणजे करंटचा अडथळा, अर्धे झाले. एवढा लोड याले झेपत नाही, म्हणून तापून बंद पडला. अन् डब्ब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो क्षणभराचा असते. सतत किती वॉट देते ते पाहा."

"मग कोणता घेऊ?"

"चार स्पीकरले चार चॅनलचा घ्या. स्पीकर सतत जेवढे वॉट सोसते, त्याच्या बरोबरीचा नाही तर थोडा जास्तीचा. कमी ताकदीचा घेऊन पुरा पिळला तर आवाज फाटते, अन् स्पीकर जळते. गाणे कोणते ऐकता?"

मी बाबांचं सांगितलं. तो म्हणाला, "आवाज साफ भेटन, मॅडम. कानाचं मले सांगता येत नाही."

त्याने तीन-चार काढून दाखवले. मी ओम आणि वॉट स्पीकरशी ताडून त्यातला एक निवडला. त्याने तो बसवला आणि आवाज फाटणार नाही अशा बेताने अ‍ॅम्पची पातळी ठरवणारं गेनचं बटण फिरवून दिलं. घरी येताना मी तेच भजन लावलं. गाणाऱ्यांनी मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

संध्याकाळी अंगणातच बाबांना गाडीत बसवलं, काचा लावल्या आणि सुरू केलं.

"वाढव," ते म्हणाले. मी वाढवला.

"आणखी वाढव." आता माझे कान दुखत होते. बाबा डोळे बारीक करून समोर बघत होते.

"छातीले धमक लागून राहिली," ते म्हणाले. "ढोलक असन. पेटी काहून नाही येत?"

पेटी वाजतच होती. त्यांचाच आवाज गात होता. मी आधी स्पीकरकडे आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिले.

"बंद कर."

नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कानाची नस गेली आहे. आवाज कितीही मोठा केला तरी बाबांना त्यातले शब्द उलगडणार नाहीत. भावाने डॉक्टरांना पुन्हापुन्हा तेच विचारलं आणि त्यांनी पुन्हापुन्हा तेच उत्तर दिलं.

तरी बाबा एकदा मंडळात गेले. मी मागे बायकांत बसले होते. मंडळी अजून धृपदावर होती आणि बाबांची पेटी पुढच्या कडव्यात गेली. गाणारे सांभाळून घेत होते, एकमेकांकडे बघत होते. बाबांनी ते बघितलं. त्यांनी भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवले. भजन पुढे चालूच राहिलं.

परत येताना ते एवढंच म्हणाले, "थांबले नाही ते. बरं केलं."

त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. आता काही सांगायचं असलं की आम्ही त्यांच्या खांद्याला हात लावतो. ते वळतात, आमचे ओठ हलताना बघतात आणि बहुतेक वेळा मान डोलावून "हाव" म्हणतात.