जनावरांच्या गाडीवरचा दिवा

आपण पशुकल्याण अधिकारी आहोत असं बुद्धप्रिया बनसोडे सांगायची, तेव्हा लोक विचारायचे, म्हणजे नेमकं काय करता? पूर्वी ती नीट समजावून सांगत असे. दाटीवाटीने कोंबून नेलेली जनावरं खाली उतरवायची, रस्त्यात पडलेल्यांवर उपचार करायचे, बैल हाकायच्या पराणीला खिळा ठोकणाऱ्याला समज द्यायची. आता ती नुसतं "जनावरांचं काम आहे" म्हणते आणि विषय बदलते. चाळिशी उलटून गेली आहे. रस्त्यावर बसून बसून गुडघे धरलेत. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घरी ती आणि आई भीमाबाई, दोघीच राहतात. आईने एकदाच विचारलं होतं, एवढी शिकलीस ते बैलांच्या मागं फिरायला का? तेव्हा बुद्धप्रियाकडे उत्तर होतं. आज कुणी विचारलं तर आठवून बघावं लागेल.

तिची कचेरी म्हणजे एक खोली, एक फोन आणि एक जुनी जीप. जीप चालवायचा महेश्वर. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. ती त्याला मामा म्हणायची, तो तिला मॅडम. जीपच्या टपावर एक पिवळा फिरता दिवा होता. तो कुणी बसवला हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. एखादी म्हैस रस्त्यातच बसली की मामा जीप तिच्या मागे आडवी लावायचा, दिवा चालू करायचा, आणि मागून येणारे ट्रक लांबूनच दबकत यायचे. त्या आडोशाला बसून बुद्धप्रिया सलाइन लावायची.

पण मामा तो दिवा एरवीही लावायचा. बाजारातल्या गर्दीतून वाट काढायला, कधी नुसतंच जेवायला उशीर झाला म्हणून. ती रागवली की तो बंद करायचा आणि पुढच्या चौकात पुन्हा लावायचा. दिवा दिसला की लोक बाजूला होतात, हे त्याला आवडायचं. आयुष्यात दुसऱ्या कशामुळे लोक त्याच्यासाठी बाजूला झाले नव्हते.

जीप पासिंगला नेली तेव्हा दिव्याचा विषय निघाला. गाडी तपासणारे निरीक्षक उदयसिंह घाटगे शांत माणूस होते. त्यांनी दिव्याकडे बघितलं आणि तो काढून आणा, मगच पासिंग होईल, असं सांगितलं. गाड्यांवरचे दिवे बंद होऊन वर्षं झाली होती. मंत्र्यांचे गेले, अधिकाऱ्यांचे गेले. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा मोजक्या गाड्यांना मुभा राहिली. त्यात जनावरांची गाडी नव्हती.

बुद्धप्रियाने सांगून बघितलं की आमचंही काम रस्त्यातच असतं. घाटग्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं खोटं नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला सोडलं तर उद्या गोशाळेवाला येईल, परवा बाजार समितीचा सभापती येईल. प्रत्येकाचं काम तातडीचंच असतं की."

मामा बाजारातून दिवा लावून गाडी कशी काढतो, हे ती बघतच आली होती. मामाने तिथेच पाना मागून घेतला आणि दिवा उतरवला. टपावर एक गोल, उन्हाने न विटलेला डाग तेवढा राहिला.

त्यानंतर परवानगी मिळवायला तिने बरीच धावपळ केली. एका कचेरीने सांगितलं, हा विषय आमचा नाही, परिवहनचा. परिवहनने सांगितलं, तुमच्या खात्याला आधी मागणी करू दे. खात्यातल्या साहेबांनी चहा पाजला आणि नियम केंद्राचा आहे, आपल्या हातात काय, असं म्हणून निरोप दिला. कुणी उर्मटपणे बोललं नाही. कुणी फाडकन नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. हळूहळू तिने विचारणं सोडलं. मामा रस्त्यात गाडी लावली की मागे लाल त्रिकोण ठेवायचा, आणि तो दिसला नाही तर म्हणून स्वतः लाल फडकं घेऊन उभा राहायचा.

ऊसतोडणीच्या दिवसांत श्रीपूरच्या रस्त्याला कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागते. मधूनमधून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि या सगळ्यांना ओलांडून पुढे जायची घाई झालेले बाकीचे. तिथूनच त्या दिवशी दुपारी फोन आला. गाडीचा एक बैल जू मानेवर असतानाच खाली बसला होता आणि उठत नव्हता.

सोलापूरहून तिथवर पोहोचेतो सूर्य कलला होता. गाडीवान धोंडीराम आणि त्याची बायको बजाबाई यांनी जू सोडलं होतं. बैलाच्या मानेवर जुनी जखम होती आणि तोंडाला फेस आला होता. ऊस गाडीवर नेहमीसारखाच जास्त होता. पूर्वी बुद्धप्रिया इथे पाच मिनिटं तरी बोलली असती. त्या दिवशी तिने फक्त पाणी मागितलं.

"कडंला घेता येईल का ह्याला?" तिने विचारलं.

"लई वढला, बाई," धोंडीराम म्हणाला. "हलंना. म्या काय मुद्दाम पाडलाय व्हय?"

तिने त्याला काही म्हटलं नव्हतं. बजाबाईने नवऱ्याला गप्प केलं आणि बैलाचं डोकं मांडीवर घेतलं. मामाने जीप मागे आडवी लावली, त्रिकोण ठेवला. थोड्या वेळाने मागून आलेल्या एका ऊसगाडीचं चाक त्या त्रिकोणावरून गेलं आणि त्याचा चुरा झाला. मग मामा फडकं घेऊन जीपच्या मागे उभा राहिला. सूर्य अगदी समोर, रस्त्याच्या टोकाला टेकला होता, आणि गाड्यांनी उडवलेला धुरळा त्या उन्हात तरंगत होता. बुद्धप्रिया शीर शोधत होती. सुई लागली, सलाइन सुरू झालं, तिने मान वर केली, तोच आवाज झाला.

दुधाचा टेम्पो होता. तो जीपच्या मागच्या कोपऱ्यावर आदळला आणि जीप पुढे फरफटत तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मामा रस्त्याकडेच्या चारीत पडला होता. त्याचा पाय जसा असायला हवा तसा नव्हता.

त्या आवाजाने बैल दचकून उठला. इतका वेळ न हललेलं ते जनावर एका झटक्यात उभं राहिलं, गळ्यातून लोंबणाऱ्या सलाइनच्या नळीसकट उसाच्या बांधापर्यंत गेलं आणि तिथे थरथरत थांबलं. धोंडीरामने बैलाकडे बघितलंसुद्धा नाही. तो चारीत उतरला आणि त्याने मामाचं डोकं उचलून धरलं. टेम्पोचा चालक रस्त्यावर बसून एकच सांगत होता, "उन्हात काय दिसलंच नाही हो, काय दिसलंच नाही." मामा कानडीत काहीतरी पुटपुटत होता. बुद्धप्रियाला कानडी जेमतेम कळायची. तो बायकोला, अंबुबाईला, कळवू नका म्हणतोय एवढं तिला समजलं.

रुग्णवाहिका लवकर आली. मामाला पंढरपूरला नेताना बुद्धप्रिया आत त्याच्याजवळ बसली. रस्ता तोच होता, त्याच बैलगाड्या, तेच ट्रॅक्टर. पुढच्या काचेतून तिला दिसत होतं की दिवा आणि भोंगा लागताच सगळे कडेला होताहेत. गाडीवान उतरून बैलांच्या वेसणी धरून उभे राहत होते. मामा शुद्धीवर होता, पण आडवा असल्यामुळे त्याला यातलं काही दिसत नव्हतं. तिला ते सांगावंसं वाटलं, पण तिने सांगितलं नाही. त्याचा हात धरून ती बसून राहिली.

मामाचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला, थोडा आखूड राहिला. अंबुबाई दवाखान्यात बुद्धप्रियाशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबा उघडून भाकरी पुढे केली आणि जेवा म्हणाली. तेवढ्यावर दोघींचं मिटलं.

पोलिसांनी जबाब घेतला. उभ्या वाहनावर इशाऱ्याचा दिवा का नव्हता, असं त्यांनी विचारलं. त्यांना विचारावंच लागणार होतं. बुद्धप्रियाने नियम सांगितला, हवालदाराने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला.

नंतर ती घाटग्यांना भेटायला गेली. भांडायला नाही. का गेली हे तिलाही नीट सांगता येत नाही. त्यांना अपघाताचं कळलं होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि बराच वेळ समोरचे कागद सरळ करत बसले.

"मी दिवा काढायला लावला नसता तर हे झालं नसतं, असं वाटतं का तुम्हाला?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ऊन समोर होतं. कदाचित दिवाही दिसला नसता."

"मग?"

"मग काही नाही. ते माहीत नाही, एवढंच घेऊन मी रोज घरी जाते."

घाटग्यांनी कागद बाजूला सारले. माफी त्यांनी मागितली नाही, तिला ती नकोही होती. दिव्याचं त्यांच्याकडून होणार नव्हतं. पण उभ्या गाडीला काय काय चालतं ते त्यांनी सांगितलं. चारी इंडिकेटर एकदम लागले पाहिजेत, मागे रुंद रेडियमची पट्टी हवी, आणि त्रिकोण एक नको, तीन ठेवा, लांब लांब अंतरावर. मग तिच्यासमोरच त्यांनी वाहतूक पोलिसांतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. जनावर भर रस्त्यात असेल तेव्हा पोलिसांची गस्तीची गाडी मागे उभी करायची, असं ठरलं. लेखी काही नाही. शब्दावरच.

ते अजून तसंच चालू आहे. गाडी येते, पण त्यांची इतर कामं उरकून येते. ती येईपर्यंत बुद्धप्रिया रस्त्यात उतरत नाही. हे तिने स्वतःला घालून घेतलेलं आहे आणि ते पाळणं सोपं नाही. दोन जनावरं वाट बघण्यातच गेली. एकाचा मालक तिला नको ते बोलला. ती ऐकून घेते. जीप आता तीच चालवते. लातूरला टेबलावरचं काम मिळत होतं, तेही तिने घेतलं नाही. त्यात निश्चय वगैरे काही नव्हता. तिच्या जागी यायला कुणी तयार झालं नाही, आणि विचारणाऱ्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मामा कचेरीत फोनवर बसतो. कुबडी भिंतीला टेकवून ठेवतो आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच गोष्ट विचारतो, जनावर रस्त्यात आहे की कडेला. रस्त्यात असेल तर पहिला फोन पोलिसांना, दुसरा मॅडमना.

गेल्या महिन्यात मोहोळजवळ हमरस्त्यावर एका म्हशीला धक्का लागला. बुद्धप्रिया पोहोचली तेव्हा गस्तीची गाडी आलेली नव्हती. मालक, चन्नप्पा नावाचा म्हातारा, जीपच्या खिडकीशी येऊन हात जोडून उभा राहिला. तिने त्याला आत बसायला सांगितलं. तो बसला नाही. तिने पुन्हा सांगितलं, "आजोबा, तुम्ही रस्त्यात उभं राहू नका. मी जाणार आहे, पण आत्ता नाही." मग तो बसला, आणि दोघं काचेतून म्हशीचं पोट वरखाली होताना बघत राहिले.

फोन वाजला. मामा होता. गाडी टोलनाक्याच्या पुढे आली आहे, तिने तयारी करावी, असं त्याने सांगितलं. ती बरं म्हणाली, मागच्या सीटवरून पेटी ओढून घेतली आणि आरशात बघत बसली. गस्तीची गाडी मागे येऊन नीट थांबल्यावरच तिने दार उघडलं आणि गुडघ्यावर हात दाबत खाली उतरली. म्हैस अजून श्वास घेत होती.