आजीच्या आजीचं माहेर

एक जानेवारीला सकाळी जपानमधल्या सेंदाई शहरातल्या माझ्या खोलीची बेल वाजली. दारात घरमालकीण साइतो-सान, हातात झाकण घातलेला वाडगा. "एकटाच आहेस ना? निदान ओझोनी तरी खा," म्हणाल्या.

ओझोनी म्हणजे इथलं नवीन वर्षाचं सूप, मोची म्हणजे तांदळाचा चिकट गोळा घातलेलं. मी झाकण काढलं आणि तसाच उभा राहिलो... वाडग्यावर भाजून सुकवलेला अख्खा मासा आडवा ठेवलेला. डोकं एका बाजूने बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूने.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर एका माशाने मला एवढं का हलवलं ते कळणार नाही.

मी रत्नागिरीकडचा. बारावीनंतर शिक्षण सुटलं, आता इथे एका इंडियन हॉटेलच्या किचनमध्ये असतो. मिसाकी इथेच नर्स आहे, मूळची उत्तरेच्या होक्काइदो बेटावरची. आम्हाला लग्न करायचंय, पण तिला लहानाचं मोठं केलं ते आजीने, आणि आजी म्हणाली, "तुम्ही करा. मी लग्नाला येणार नाही."

राग माझ्यावर नव्हता, हे कळायलाच मला वेळ लागला. आजीची आजी नवी नवरी असताना समुद्र ओलांडून होक्काइदोत वसाहत करायला आली होती. आइनू लोक तिथे आधीपासून राहत होते, पण सरकारने जमीन बाहेरून आलेल्यांना वाटली. ती बाई पुन्हा कधी माहेरी गेली नाही. कुठून आलात विचारलं की "पलीकडून" एवढंच म्हणायची.

"तिचं माहेर पुसलं गेलं. आता मिसाकीचं पुसलं जाईल," आजी म्हणाली. आणि आजीशिवाय लग्न करायला मिसाकी तयार नव्हती.

मग मी ठरवलं, ते माहेर शोधायचं. मला एखादी गोष्ट अर्धवट राहिली की झोप लागत नाही. होक्काइदोच्या सरकारी ऑफिसात विचारलं, तर इतके जुने कागद कधीच नष्ट केलेले. हातात फक्त त्या बाईचं लग्नाआधीचं आडनाव होतं... तागावा.

मी पडलो कोकणी माणूस. आडनाव कळलं म्हणजे गाव कळलं! नकाशात तागावा सापडलं आणि मी सुट्टीच्या दिवशी बस बदलत बदलत डोंगरापलीकडे पोचलोसुद्धा. तिथल्या देवळातल्या भटजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे या आडनावाचं एकही घर नाही. आणि सगळेच तागावात राहतात, तर कोण कुणाला तागावा म्हणणार?"

खरंच की... आमच्या गावातसुद्धा गावाच्या नावाचं आडनाव लावणारा एक माणूस नाही. ते सगळे मुंबईला!

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "परक्या बाईचं माहेर शोधत फिरतोयस. तुझ्या आईचं माहेर कुठलं ते तरी आठवतंय का?" त्यानंतर मी शोध सोडूनच दिला होता.

आणि आता हा वाडगा.

कारण गेल्या वर्षी मिसाकीबरोबर तिच्या घरी गेलो होतो, तेव्हा आजीने असाच मासा वाडग्यावर आडवा ठेवला होता. मासा वेगळा होता, मांडणी हीच. शेजारीपाजारी हसतात, पण आमच्याकडे आजीपासून असंच, असं काहीतरी ती म्हणाली होती. मला वाटलं होतं, होक्काइदोचीच पद्धत असेल.

"साइतो-सान, सगळ्या जपानात असंच करतात का?" मी विचारलं. "छे! मासा असा ठेवतात ते आमच्याच किनाऱ्यावर. त्यासाठी खाडीतला हाच मासा लागतो." मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तू आधी खा. गार होतंय."

मी खाल्लं नाही. मिसाकी घरी गेली होती, तिला व्हिडिओ कॉल लावला आणि वाडगा कॅमेऱ्यासमोर धरला. तिने फोन आजीकडे दिला.

आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. म्हटलं, नव्या वर्षाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला दुखावलं आपण.

मग तिने विचारलं, "सूपातलं मुळा-गाजर बारीक चिरून बाहेर थंडीत गोठवलंय का?"

उत्तर साइतो-सानने दिलं, माझ्या हातातून फोनच घेऊन. "गोठवल्याशिवाय चव येते का कुठे!" पुढे दोघी काय बोलल्या ते त्या गावठी जपानीत मला कळलं नाही. मधेच हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या.

फोन परत आला तेव्हा आजी म्हणाली, "इकडे तो मासा मिळाला नाही, म्हणून माझ्या आजीने इथला मासा ठेवला. वाडग्यावरची जागा मात्र सोडली नाही." मग म्हणाली, "लग्न कधी आहे? मला आधी तो किनारा बघायचाय."

घर सापडलं नाही, नातेवाईक कुणी सापडले नाहीत. पण छातीवरचा दगड उतरला... मग ते गार झालेलं सूप मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

आईला सांगितलं. आई वेंगुर्ल्याची, रत्नागिरीला दिलेली. म्हणाली, "मग बांगड्याच्या आमटीत मी तिरफळं कशाला टाकते? तुझी आत्या अजून नावं ठेवते!" इतकी वर्षं ती आमटी खाल्ली आणि एकदाही विचारलं नव्हतं.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मिसाकीला ओझोनी करता येत नाही. म्हणून हल्ली रविवारी ती साइतो-सानच्या स्वयंपाकघरात असते आणि मुळा जाड चिरला म्हणून बोलणी खाते.

साइतो-सान, तुमचा वाडगा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नसतो, असं आमच्याकडे मानतात... आईने तिरफळं पाठवली आहेत. बांगडा मिळाला की घेऊन येतो.