चाकाखालचा दगड

परवा आईला घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो. चढावर गाडी बंद करून मी हँडब्रेक ओढला आणि पहिला गेअर टाकला, तर शेजारी बसलेला धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, गेअर काढ. इंजिन झिजतं." माझं डोकंच फिरलं.

हे वाक्य आमच्या वडिलांचं. मी शाळेत होते तेव्हा याच चढावर आमची जुनी पांढरी गाडी उभी राहायची. हँडब्रेक सैल होता, पण गेअरात ठेवतील तर शपथ! म्हणून आई घरापासून पायाशी गोणपाटात गुंडाळलेला दगड घेऊन बसायची. एकदा ठेवणीतलं लुगडं सावरत ती चाकामागं वाकली. तोंडावर धूर, आणि पुढून वडिलांचा आवाज, "जल्दी लाव! ब्रेक दाबून पाय दुखून राह्यला माझा!" तेवढ्यात गाडी जराशी मागं सरकली आणि दगडाखाली तिचं बोट सापडलं. ती ओरडली न्हाई. "बसला बराबर," एवढंच म्हणाली. वडील उतरले आणि त्यांनी आधी टायर पाहिलं. पायऱ्या चढताना तिचं नख काळंनिळं झालं होतं, आणि मला अजून तो धूर नाकात जाणवतो.

अरे, बंद इंजिन झिजतं कुठं?

"गेअर राहील तसाच," मी भावावर खेकसले. मागं वळले, तर मागचं दार उघडं. आई केव्हाच उतरली होती. एक हात गुडघ्यावर टेकून, रस्त्याच्या कडेला वाकून ती दगड शोधत होती.