मैदानाकडे पाठ

जुन्या जालन्यातल्या आमच्या मैदानावर मॅच असली की सगळी गर्दी मैदानाकडे तोंड करून बसायची आणि एक माणूस मैदानाकडे पाठ करून. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीजवळ पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालून तो त्यावर बसायचा आणि समोरच्या बाभळीकडे बघत राहायचा. मागे आरडाओरडा झाला की मान थोडी तिरपी करायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "गोल न्हाई झाला. गोलचा आवाज पोटातून येतो. हा गळ्यातून आला."

शेजारचा वळून बघायचा तर बॉल खरोखरच बारवरून गेलेला असायचा.

"बराबर हाय ना?" तो विचारायचा. 'बराबर हाय' हे त्याचं नेहमीचं बोलणं. कुणी चुकीचे पैसे दिले तरी बराबर हाय, कुणी शिवी दिली तरी बराबर हाय. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला काहीही म्हटलं तरी चालतं हे सगळ्यांना न सांगता कळलेलं असतं.

वयानं तो माझ्या वडिलांएवढा. समोर मी त्याला मामा म्हणायचो, माघारी आम्ही सगळे 'तो'च म्हणायचो. आज लिहिताना अहो-जाहो करायला लागलो तर ते ढोंग होईल, म्हणून तोच म्हणतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची पंक्चरची टपरी होती. सायकली दिवसभर यायच्या, पण त्याचा जीव फुटबॉलमध्ये. तेव्हाच्या बॉलला आत ब्लॅडर असायचं आणि वरून दोरी. बॉल बसला की आम्ही त्याच्याकडे टाकायचो. तो ब्लॅडर आधी पाण्यात बुडवायचा नाही, कानाला लावायचा. डोळे मिटून ऐकायचा आणि बोट नेमकं भोकावर ठेवायचा. पैसे कधी घेतले नाहीत. मॅचच्या सकाळी मैदानावर फक्की मारायलाही तोच. त्यानं मारलेली रेघ बघून वाटायचं की आता खरी मॅच होणार. मी टीमचा सेक्रेटरी होतो, म्हणजे कापडाच्या दुकानात नोकरी करून उरलेल्या वेळात लोकांवर ओरडायचो. ही सगळी कामं तो करायचा आणि आभार मी मानून घ्यायचो.

आमचा जिल्हा नवा झाला आणि त्यानंतर जिल्ह्याचा कप सुरू झाला. पहिल्याच वर्षी आम्ही फायनलला आलो, समोर नदीपलीकडचे, नव्या जालन्याचे. हाफटाइमला आम्ही एका गोलनं पुढे होतो. त्या दिवशी कुणाच्या तरी ट्यूबपायी त्याला उशीर झाला होता. तो धापा टाकत आला, रेघेला लागून बसला आणि दहा मिनिटांत आमच्यावर गोल झाला. मग दुसरा. दुसऱ्या वर्षी तो सुरुवातीपासून हजर होता आणि आमच्याच बॅकनं आमच्याच गोलमध्ये बॉल घातला. तिसऱ्या वर्षी बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून तो पिंपळगाव रेणुकाईला गेला, आणि आम्ही जिंकलो.

लग्नाहून तो बुंदीचे लाडू घेऊन थेट मैदानावर आला. "जिंकले म्हणं. मी तिकडं लग्नात हाय, पन ध्यान सगळं हिकडं व्हतं."

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही तिकडं होते म्हणूनच जिंकलो. पनवती गेल्ती ना गावाला."

सगळे हसले. तोही हसला आणि लाडू वाटत राहिला. पनवती हा शब्द त्याला पहिल्यांदा मी चिकटवला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. पंधरा दिवसांत त्याचं खरं नाव गल्लीतून गेलं. पोरं टपरीवर येऊन म्हणायची, पनवतीमामा, हवा भरा.

पुढच्या वर्षीपासून तो साध्या मॅचला पाठ करून बसायला लागला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. फायनलला मात्र त्यानं मैदानावर यायचंच नाही, असं मी सांगितलं. नव्या जालन्याच्या लोकांना ही गोष्ट कळायला किती वेळ लागणार? फायनलच्या दिवशी त्यांनी सजवलेली ऑटो त्याच्या टपरीसमोर आणली, गळ्यात हार घातला आणि धरून मैदानावर आणून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. वर भज्यांचा पुडा हातात दिला. त्यानं पुडा मांडीवर ठेवला, डोक्याचा रुमाल सोडला आणि डोळ्यांवर घट्ट बांधून घेतला. पूर्ण मॅच तसाच बसला. भजी तशीच गार झाली.

आम्ही हरलो.

"त्यानं तर डोळे बांधले व्हते," आमच्यातलाच एक म्हणाला.

"रुमाल पातळ असेल," मी म्हणालो. "मी कापडातला माणूस आहे, मला कळतं."

पुन्हा सगळे हसले. मी तेव्हा असा बोलायचो आणि लोक माझ्याभोवती जमायचे. ते हसणं मला फार आवडायचं, हे मी आज कबूल करतो.

त्याच्या पुढच्या फायनलला तोच माझ्याकडे आला. "सेक्रेटरीसाहेब, मला गावाला नका धाडू. मला टाकीखालच्या खोलीत बंद करा. भाईरून कुलूप लावा, चावी तुमच्यापाशी ठेवा. दिसनार न्हाई, पन आवाज तर येईल."

टाकीखाली आमची सामानाची खोली होती. नेट, झेंडे, फक्कीची पोती तिथंच. टीमचे कपडेही आम्ही तिथंच बदलायचो. एक दार आणि वर हातभर झरोका. मी त्याला आत घातलं आणि कुलूप लावलं. त्या वर्षी आम्ही जिंकलो, मग तो रिवाजच पडला. फायनलच्या आधी नारळ फोडायचा, झेंडा लावायचा आणि त्याला कोंडायचं. कुलूप लावताना टीम टाळ्या वाजवायची. आतून तो म्हणायचा, "बराबर हाय. जावा आता."

त्याला एकच मुलगा. बायको लवकर गेली, पोराला त्यानंच वाढवलं. पोरगं उंच निघालं, हात लांब. कॉलेजला गेलं आणि दोन वर्षांत आमचं गोलकीपर झालं. तुम्ही म्हणाल, मग तर बापाची सुटका झाली असेल. उलट झालं. पोराला बापाच्या नावाची लाज वाटायची. पनवतीचं पोरगं, असं कुणी म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. बाप टाकीजवळ पाठ करून बसलेला असला की हा वॉर्मअपला दुसऱ्या गोलकडे जायचा. आणि बापानं स्वतःच्या मुलाला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. "आत्ता धरला ना त्यानं?" तो विचारायचा. "लोकं एकदम गप झाले की समजायचं, माझ्या पोरानं धरला."

मुलाची पहिली फायनल आली. सकाळी फक्की मारून झाल्यावर तो पांढऱ्या हातांनी माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, एक मागू का? पाच मिनिटं द्या. मॅच सुरू व्हायच्या आधी. पोरगं गोलमधी उभं राह्यलेलं एकदा बघतो आन् मंग जातो आत. बॉलला कुनी पाय लावायच्या आधीच जातो."

मला वाटलं, द्यावीत. माझ्यात तेवढी माणुसकी होती, पण तिला पुढं करायची हिंमत नव्हती. मी मुलाला विचारायला गेलो. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा," तो म्हणाला, "कुलूप नीट लावा."

मी परत येऊन सांगितलं की टीम नाही म्हणते. टीम म्हणजे कोण, हे त्यानं विचारलं नाही. "बराबर हाय," म्हणाला आणि स्वतःच आत जाऊन पोत्यावर बसला. मी कुलूप लावलं. टाळ्या वाजल्या.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत होती. मुलानं तीन तरी गोल वाचवले. त्याचं नाव घेऊन गर्दी ओरडत होती, नुसतं नाव, बापाचं काही न जोडता. मग शेवटच्या मिनिटांत त्यांच्या एका पोरानं लांबून अगदी साधा बॉल मारला. घरात आईनं फेकलेला टॉवेल धरावा इतका साधा. मुलगा खाली बसला, हात लावले, आणि बॉल त्याच्या हाताखालून, दोन्ही पायांमधून सावकाश आत गेला.

शिट्टी झाली तेव्हा आमचीच माणसं रेघ ओलांडून गोलकडे धावत होती. कुणी चपला काढल्या होत्या, कुणी आमच्याच झेंड्याची काठी उपसली होती. पैसे खाल्ले, पोरगं विकलं गेलं, असं कुणीतरी ओरडलं, आणि एवढं पुरे होतं. मुलगा नेटला पाठ लावून उभा होता. मी सेक्रेटरी. मी त्याच्याकडे धावायला हवं होतं. मी टाकीकडे धावलो, खोलीत शिरून आतून कडी लावावी म्हणून.

कुलूप काढलं तर तो दारातच उभा होता, कान लाकडाला लावून.

"हा आवाज गोलचा न्हाई," तो म्हणाला. "हा मानसावरचा हाय. पोराच्या हातून गेला ना?"

मी हो म्हणालो. तो मला बाजूला सारून निघाला. मी त्याला कधी पळताना पाहिलं नव्हतं. गर्दीला पाठीमागून धक्के देत तो गोलपाशी गेला आणि पोराच्या पुढं उभा राहून म्हणाला, "त्याला काऊन मारता? मी बघितलं. झरोक्यातून बघितलं. पोत्यावर पोतं टाकून चढलो आन् बघितलं. मी बघितलं म्हनून गेला."

एक क्षण सगळे थांबले. मग सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले, हे मी स्वतः पाहिलं. इतका वेळ कुणाला काय करावं कळत नव्हतं, आता कळलं. पहिली चप्पल कुणाची ते मला माहीत नाही. पण बापाच्या पाठीमागून मुलगा पुढे आला, आणि आम्हाला वाटलं की हा बापाला ओढून नेईल. त्यानं गोलकीपरचे हातमोजे काढले, बापाच्या तोंडात मारली. मोठ्या आवाजाची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"बराबर हाय," बाप म्हणाला.

ऊन उतरायच्या आत लोकांनी त्याची टपरी उचलून कुंडलिकेच्या पात्रात ढकलली. पंप, पाण्याचं घमेलं, ट्यूबा, सगळं. मी हात लावला नाही. पाण्यात उतरताना लोकांनी काढलेल्या चपलांपाशी मी उभा राहिलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीकडे गेला तो परत आला नाही. बहीण तेव्हा घनसावंगीला राहायला आली होती. दोन-तीन वर्षांनी दुकानाच्या कामानं मी जीपनं तिकडे गेलो तर स्टँडजवळ लिंबाखाली तो ट्यूब घासत बसलेला दिसला. मला बघून उठला. चहा सांगितला.

"पोराला टीममधून काढलं तर न्हाई?"

"नाही मामा. कॅप्टन झाला तो."

"मंग बराबर हाय."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "साहेब, त्या दिवशी पोरगं गोलमधी उभं कसं दिसत व्हतं?" आणि असं विचारून तो घमेल्याकडे वळला, माझ्याकडे पूर्ण पाठ करून, मान तिरपी केली. "हां, सांगा आता."

मी सांगितलं. हिरवी जर्सी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. वरच्या बारला हात लावून बघायची सवय. पहिला बॉल कसा उडी मारून धरला. चहा गार होईपर्यंत सांगत होतो. शेवटचा बॉल मी सांगितला नाही, त्यानं विचारला नाही. माफीचं राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तो तिथंच वारला. मुलगा मातीला गेला होता असं ऐकलं. मी गेलो नाही, दुकानात लग्नसराई होती.

मुलगा आता पोरांना शिकवतो. चांगला कोच आहे. दर फायनलच्या आधी नव्या पोरांना तो ही गोष्ट सांगतो, की आमच्या वेळी एक पनवती होता, त्यानं झरोक्यातून डोकावलं आणि आमचा कप गेला. तो माणूस आपला कोण होता, हे तो सांगत नाही. पोरं हसतात. मी बाजूला खुर्चीवर बसलेला असतो, म्हातारा सेक्रेटरी म्हणून. मीही हसतो.

त्या खोलीचा झरोका मैदानाच्या बाजूला नाही. तो मागच्या अंगाला आहे, टाकीच्या खांबाला चिकटून, आणि त्यातून शेवाळलेल्या सिमेंटशिवाय काही दिसत नाही. त्या दिवशी मारायला धावलेल्यांत त्या खोलीत कपडे बदललेले निदान दहा जण होते. त्याचा मुलगा तर त्याच झरोक्याच्या खिळ्याला आपली जर्सी अडकवायचा.