यंदा आम्ही मुंबईला जाणार

"काका, यंदा मे महिन्यात आम्ही गावाला येत नाही. फिरायला जातोय."

"खय?"

"मुंबईला."

फोनमध्ये मागे कोकणातला वारा घोंघावत होता. मग माझ्या चुलतसासऱ्यांनी अगदी हळू, वेड्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "सूनबाई, तुम्ही रवतास खय?"

"लालबागला."

"मगे?"

"मग काय? लालबागहून मुंबईला जातोय."

त्यांनी फोन ठेवला. मी वळून पाहिलं तर माझे तिन्ही प्रेक्षक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नवरा घाबरलेला, कॉलेजात जाणारी मुलगी तोंडावर हात दाबून हसणारी, आणि त्यांच्या मागे सासूबाई, ज्यांच्यासाठी हा सगळा कट शिजला होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रागावले काय गो?"

"हो," मी म्हटलं. "मस्त रागावले."

माझं माहेर दादरचं. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि मीही एका कचेरीत टेबल-खुर्चीवालीच. आम्हाला गाव ही वस्तूच नव्हती. सुट्टी लागली की आम्ही संध्याकाळी समुद्रावर जायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा कळलं, की इथल्या लोकांचा मे महिना मुंबईत उगवतच नाही, तो थेट कोकणात उगवतो. वर्षभर बंद असलेलं घर उघडायचं, आणि सगळ्या शहरांतून सगळं कुटुंब तिथे येऊन आदळायचं. आंबे, फणस, पत्ते, दुपारची झोप. आणि चूल. घरातली थोरली सून म्हणून ती चूल माझ्या सासूबाईंची.

पहिल्या दिवशी गाऱ्हाणं व्हायचं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरातला मोठा पुरुष अंगणात उभा राहून देवाला खड्या आवाजात मागणं मागतो. प्रत्येक वाक्य "रे म्हाराजा" म्हणून संपवतो, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका दमात ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" हे कोणी कोणाला शिकवत नाही. पाळण्यातलं पोरसुद्धा रडणं थांबवून म्हणत असेल. देवासमोर एकदा व्हय म्हटलं की ते मागणं साऱ्या घराचं झालं, मग मागे फिरणं नाही. काकांच्या गाऱ्हाण्यात दरवर्षी एक वाक्य ठरलेलं असायचं: "थोरल्या सुनेच्या हाताची चव अशीच रवांदे रे म्हाराजा!" आणि आतून, धुराने डोळे लाल झालेल्या सासूबाई स्वतःच ओरडायच्या, "व्हय म्हाराजा!" स्वतःच्या शिक्षेवर स्वतःच सही!

मागच्या वर्षी गावाहून परत आल्यावर मी त्यांच्या मनगटांना तेल चोळत होते. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "एकदा बसून खायचं होतं. कोणीतरी वाढलेलं. गरम." त्या हे मला सांगत नव्हत्या, उशीला सांगत होत्या. पण उशीच्या शेजारी मी होते आणि मी ऐकलं. त्या क्षणी मी ठरवून टाकलं. पुढच्या मे महिन्यात ही बाई चुलीला हात लावणार नाही, मग सगळं कोकण माझ्या अंगावर आलं तरी बेहत्तर.

आता प्रश्न असा, की जायचं कुठे? मुलीच्या कॉलेजची फी नुकतीच भरून झाली होती, त्यामुळे मनाली, केरळ वगैरे शब्द घरात उच्चारायला बंदी होती. नवरा म्हणाला, "मग गावच बरं. फुकटात होतं."

मी उठून उभी राहिले. मी घरात भाषणाला उभी राहिले की मुलगी पंखा बंद करते, म्हणजे आवाज गॅलरीपर्यंत जातो.

"फुकटात? का फुकटात होतं? कारण आई रांधते आणि मी भांडी घासते! जी सुट्टी घरातल्या एका बाईच्या मनगटांवर उभी राहते तिला स्वस्त म्हणायचं नाही. तिचंही बिल येतं. फक्त ते तुमच्या हातात येत नाही!"

"अगं, आवाज..."

"जाऊ दे गॅलरीपर्यंत!"

मग मी योजना मांडली. गावाला जाताना गाडीची तिकिटं, सगळ्यांसाठी चिवड्याची पाकिटं, साड्या, पोरांचे कपडे, शिवाय घराच्या कौलांची वर्गणी, हा खर्च होतोच. तो सगळा वाचवायचा आणि राहण्याखाण्यावर उधळायचा. मोठ्या शहरातली सुट्टी महाग पडते ती तिथवर पोचण्यामुळे आणि तिथल्या हॉटेलामुळे. पोचायला आम्हाला बसचं तिकीट पुरणार होतं. हॉटेल म्हणून गिरगावातल्या एका जुन्या लॉजमधली चार पलंगांची एकच खोली, समुद्रापासून चालत जाण्याजोगी. जेवायचं तिथे, जिथे कचेरीतली माणसं रोज जेवतात. टॅक्सी नाही. फुकट असलेलं सगळं आधी पाहायचं, आणि समुद्र तर फुकटच आहे. शेवटचा नियम सगळ्यांत कडक होता. काहीही विसरलं तरी घरी परत यायचं नाही. दात घासायचा ब्रश विसरला तर नवा घ्यायचा, पण लालबागचं तोंड पाहायचं नाही.

"आणि आठवड्यात मधल्या वारी जायचं," मुलगी म्हणाली. "शनिवार-रविवारी खोलीचे जास्त घेतात." माझी मुलगी आहे, डोकं चालतं.

निघायच्या दिवशी नवऱ्याने सासूबाईंची पिशवी उचलली आणि तो वाकडाच झाला. उघडून पाहिलं तर आत तांदूळ, सुकं खोबरं, तिरफळं आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली विजेची छोटी शेगडी.

"आई, हे काय?"

"रात्री कोणाला भूक लागली तर?"

मी ती शेगडी उचलून शेजारणीच्या हातात दिली. "ही ठेवा. त्या मागायला आल्या तरी द्यायची नाही."

शेजारीण बॅगांकडे पाहत होती. "गावाला निघालात?"

"गिरगावला."

तिचा चेहरा पडला. "अरे देवा. कोण आजारी आहे?"

लॉजचा मॅनेजर काउंटरमागे पेपर वाचत बसला होता. मी मोठ्या तोऱ्यात आमची आधार कार्डं त्याच्यासमोर ठेवली. त्याने माझं पाहिलं, नवऱ्याचं पाहिलं, आणि दोन्ही परत सरकवली.

"लोकल आयडीवर रूम मिळत नाही मॅडम. बाहेरगावचा पत्ता लागतो."

"फोनवर बोलला नाहीत तसं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आम्ही या शहरात राहतो हा आमचा गुन्हा आहे का?"

"रूल आहे. घर लालबागला आणि रूम गिरगावात, म्हणजे काहीतरी लफडं असतंच ना?" त्याने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो कानापर्यंत लाल झाला.

"अहो, लफड्याला कोणी आईला घेऊन येतं का?"

मी भाषणाला सुरुवात करणारच होते. पंखा नव्हता, रस्ता गजबजलेला होता, जागा झकास होती. पण आमच्या पाठीमागे सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, की त्या मनाने परत निघाल्या आहेत. घरी, ओट्याकडे. इथून मागे फिरलो तर उद्या काकांचा फोन, परवाची गाडी, आणि तेरवा चूल.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आजी, तुझं कार्ड दे."

सासूबाईंनी पदराखालची छोटी पाकीट-पिशवी उघडली. त्यांचं कार्ड एका मे महिन्यात गावातच काढलं होतं. सगळे गावी जमले होते, शाळेत शिबिर लागलं होतं, काकांनीच रांगेत उभं केलं होतं. पत्ता बदलून घेऊ, बदलून घेऊ, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो आणि विसरत होतो. मॅनेजरने कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग.

"हं. हे चालेल. रूम यांच्या नावावर. बाकीचे यांच्यासोबत. आजी, इथे सही करा."

सासूबाईंनी चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून, पूर्ण नाव लिहिलं. जिना चढताना म्हणाल्या, "खोली माझ्या नावावर आहे का गो?"

"तुमच्याच. आम्ही तुमचे पाहुणे."

"मग चपला बाहेर काढा सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा त्यांनी आमच्या अंगावरच्या चादरी सोडून बाकी सगळ्या घड्या घालून ठेवल्या होत्या, आणि व्हरांड्यातून झाडू शोधून आणला होता. मी तो हातातून काढून घेतला आणि भिंतीवरची बेल दाखवली.

"ही दाबली की चहा येतो."

"करतो कोण?"

"कोणीतरी. आपण नाही."

त्यांनी बेल दाबली. चहा आला. त्यांनी तो खिडकीत बसून, रस्त्यावरचे हारवाले बघत, सावकाश प्यायला. कप खाली ठेवला आणि पुन्हा बेल दाबली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहिला नीट कळला नाही."

पुढचे दिवस आम्ही खरोखर पाहुण्यांसारखे हिंडलो. खोताच्या वाडीत लाकडी घरांसमोर इतका वेळ उभे राहिलो की एका घरातल्या मावशींनी विचारलं, "कुठून आलात?" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "सिंधुदुर्ग." खानावळीत त्यांनी उसळीचा पहिला घास घेतला आणि वाटी पुढे सरकवली.

"यात मीठ नाही."

"आई, राहू दे ना," नवरा कुजबुजला.

"का राहू दे? मी केली असती आणि मीठ विसरले असते तर तुझ्या काकाने राहू दिली असती का?" त्यांनी वाढप्याला हाक मारली. "ही परत न्या."

वाटी परत गेली. ती आत जाऊन दुसरी येईपर्यंत माझ्या सासूबाईंनी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. गरम उसळ आली. त्यांनी सगळी खाल्ली, बसून.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही गिरगाव चौपाटीवर वाळूत बसलो होतो. लालबागच्या माणसाला ही चौपाटी ठाऊक असते ती विसर्जनाची, पाण्यापेक्षा डोकीच जास्त. रिकामी चौपाटी सासूबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. "एवढा मोठा होता होय समुद्र!" म्हणाल्या. हातात भेळ होती. तेवढ्यात फोन वाजला. काका.

मी फोन स्पीकरवर टाकला. तिकडेही स्पीकरच होता, कारण मागे अख्ख्या घराचा कोलाहल ऐकू येत होता.

"वयनी! सगळी माणसां जमली हत. सगळ्यांसमोर सांग, तू कधी येतलंस? तुझ्याशिवाय माशाची कडी कोण करतला? घराची रीत मोडतंस तू!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, हो म्हणण्याआधीचा भाव आला होता. संपलं, मला वाटलं. आता म्हणणार, उद्याच्या गाडीने निघते.

त्यांनी भेळेचा कागद माझ्या हातात दिला. पदर खोचला. उभ्या राहिल्या. आणि समुद्राकडे तोंड करून, फोन समोर धरून, खड्या आवाजात सुरू झाल्या:

"बा देवा म्हाराजा!"

तिकडून, सवयीने, सगळ्या घराने: "व्हय म्हाराजा!"

"आज तुझी सगळी लेकरां घरात जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी आमच्या शेजारच्या चटईवरचे एक अनोळखी गृहस्थही ओरडले. मालवणी असणार. तोंडात कुल्फी होती, तरी राहवलं नाही.

"काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची थोरली सून इतकी वर्सां चुलीकडे उबी रवली, तिका आता बसान खाव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वर्सापास्ना चुलीची पाळी सगळ्यांका वाटून दी, बापयांकासुद्धा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." पुरुषांचे आवाज अर्ध्यावर अडकले. पण तोवर घरातल्या सगळ्या बायकांनी ते वाक्य पूर्ण केलं होतं, आणि असं केलं होतं की फोनची गरज नव्हती, वाऱ्यावरही ऐकू आलं असतं.

मग काकांचा खोल गेलेला आवाज, "वयनी, ह्या काय बरा नाय."

"देवासमोर व्हय म्हटलंस, आता माका कित्याक इचारतंस? कडीत तिरफळां शेवटाक घाल." आणि त्यांनी फोन बंद केला. नुसता कॉल कसा तोडायचा ते त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो मोबाइल पूर्णच बंद केला. मग वाळूत बसल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला. "भेळ दे. मऊ पडली असेल तर दुसरी घे."

मऊ पडली होती. दुसरी घेतली.

खोली सोडताना मॅनेजरने विचारलं, "आजी, परत कधी?"

"पुढच्या मे महिन्यात. हीच खोली. आणि चहात साखर कमी."

लालबागला परत आल्यावर मुलगी फोन घेऊन बसली. म्हणाली, "आजी, तुझ्या कार्डावरचा पत्ता आता ऑनलाइन बदलून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

सासूबाई शेजारणीकडून आणलेली शेगडी पुसत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली, पदराखालची पिशवी चाचपली, कार्ड आत आहे याची खात्री केली, आणि म्हणाल्या, "खबरदार हात लावशील तर."